कंट्रोलर साहेबांचा गोडनिंब

देवरावजींच्या अंगणात पुरुषभर उंचीचा गोडनिंब होता, तरी त्यांच्या घरचे पोहे गोडनिंबाशिवायच होत. कढीपत्त्याला आमच्याकडे गोडनिंब म्हणतात. शेजारची एखादी बाई फोडणीपुरती दोन पानं मागायला आली, की देवरावजी फाटकातच हात आडवा करून सांगत, "जागा नाई. गाडी फुल्ल हाय."

गाडी म्हणजे ते झाड, आणि प्रवासी म्हणजे त्यावरच्या अळ्या.

ऐंशी सालच्या आसपास मी वडनेरहून वर्ध्याला कॉलेजात शिकायला आलो आणि त्यांच्याकडे खोली घेऊन राहिलो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शहरातली माणसं घरी कशी राहतात हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यामुळे पहिले काही दिवस मला वाटलं, शहरात अळ्या पाळत असतील. विचारायचा धीर झाला नाही.

देवरावजी बस स्टँडवर कंट्रोलर होते. दिवसभर माइकवर गाड्या पुकारायच्या, सोडायच्या. घरी आले की टोपी खुंटीला जाई, पण भाषा तीच राही. अंड्यातून नुकती निघालेली अळी चिमणीच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते. ती 'हाफ तिकीट'. कात टाकून हिरवीगार झाली की 'फुल तिकीट'. तिला बोट लावलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन शिंगं बाहेर येतात आणि आंबूस वास सुटतो. देवरावजी खूश होऊन म्हणत, "हॉर्न देल्ला पाह्य! म्हन्ते, बाजूले हो." पुढे ती फांदीला एक बारीक धागा बांधून कोष करते. "डेपोत गेली. आता हात नाई लावाचा, काम चालू हाय."

कोष फुटायच्या दिवशी मात्र ते एकदम शुद्ध बोलत. चुरगळलेले पंख वाळून फुलपाखरू फडफडायला लागलं, की तोंडाजवळ हात धरून ते साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असं पुकारत, "प्रवाशांनी लक्ष द्यावे, गाडी सुटत आहे!" कधी कोष काळा पडे आणि आतून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाश्या निघत. त्याला ते 'ब्रेकडाऊन' म्हणत, आणि त्या दिवशी ताटातली अर्धी भाकर तशीच राही.

एकदा माझे वडील भेटायला आले. आमच्या वावरात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, त्या वर्षी अळी पडलेली. फवारे मारून मारून त्यांचे हात सोलून निघाले होते. देवरावजींनी त्यांना मोठ्या हौसेनं झाड दाखवलं. वडील बराच वेळ बघत राहिले. मग हात जोडून म्हणाले, "धन्य हाय तुमची, देवरावजी. आम्ही मारून राह्यलो अन् तुम्ही पोसून राह्यले. पाठवू का आमच्या बी? पोते भरून देतो."

"नाई चालत," देवरावजी गंभीरपणे म्हणाले. "तुमच्याइचा रूट येगळा हाय."

त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणत असे. मावशीला या प्रकाराचा वैताग होता, पण तिचा खरा राग वेगळा होता, तो तिनं मला गहू निवडता निवडता सांगितला. त्यांची एकुलती एक मुलगी शालू हिनं मी यायच्या दोन-तीन वर्षं आधी आर्वीच्या एका मास्तराशी दुसऱ्या जातीत रजिस्टर लग्न केलं होतं. घरी न सांगता गेली ती एसटीनंच गेली. "अन् ते आर्वीची गाडी यायनंच पुकारली, बाप्पा. यायनंच सोडली. पोरगी आत बसलेली, यायले मालूम नाई."

तेव्हापासून देवरावजी ड्यूटीवरून आले की घराकडे पाठ आणि झाडाकडे तोंड करून अंगणात बसायला लागले. कोणाशी बोलायचं नाही. असं बसल्या बसल्याच त्यांना पहिली अळी दिसली.

आता शालूला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. त्यात तिला सासू नाही, घरात दुसरं बाईमाणूस नाही. मावशी रोज विषय काढी. देवरावजी रोज उठून अंगणात जात.

त्या श्रावणात पाखरांनी अळ्या उचलून न्यायचा सपाटा लावला. देवरावजींनी घरातली एकुलती एक मच्छरदाणी आणली आणि झाडाला बांधली. वर्ध्याचे डास कसे असतात ते तिथं राहिलेल्यालाच ठाऊक. सकाळी मावशी हातावरच्या गांधी खाजवत अंगणात आली आणि म्हणाली, "किड्याइच्या बाळंतपनाले मच्छरदानी. पोरीच्या बाळंतपनाले दार बंद. वा रे बाप!"

देवरावजींनी मच्छरदाणीची गाठ सोडून पुन्हा तशीच बांधली.

मच्छरदाणीचा परिणाम असा झाला, की एकही अळी मेली नाही. सगळ्या जगल्या, सगळ्या वाढल्या आणि सगळ्यांनी मिळून झाड खाऊन टाकलं. एका रविवारी सकाळी पाहिलं तर नुसत्या काड्या उभ्या, आणि काड्यांवर उपाशी फुल तिकिटं. देवरावजींनी लिंबाची पानं आणून दिली. अळ्यांनी तोंड लावलं नाही.

"रूट बदलत नाई ना बदमाश," ते हवालदिल होऊन म्हणाले. "थैली घे अन् चाल माह्यासंग."

वस्तीत गोडनिंबाची झाडं बरीच होती. पण ती त्याच घरांत होती, ज्यांना देवरावजींनी वर्षानुवर्षं फाटकातून परत पाठवलं होतं. पहिलं घर गोदाबाईंचं. त्यांनी दारातच कमरेवर हात ठेवले.

"काऊन, कंट्रोलर साहेब? आज गाडी खाली दिसते."

"पाला पाह्यजे होता थोडा."

"पोह्याइले?"

"नाई," देवरावजी थैलीकडे बघत म्हणाले. "त्याइले."

गोदाबाई इतक्या हसल्या की आतून सून बाहेर आली. पण मग त्यांनी स्वतः विळा घेऊन एक भरली फांदी तोडली, थैलीत कोंबली, आणि कोंबता कोंबता विचारलं, "शालू कवा येऊन राह्यली? सातवा लागला म्हन्ते न तिले?"

देवरावजींचे कान लाल झाले. "अजून नक्की नाई."

"नक्की नाई म्हंजे? पोट काय तुमचं टाइमटेबल पाह्यते का?"

पुढच्या घरी तेच झालं. आधी टोमणा, मग पाला, मग शालू कधी येते. त्याच्या पुढच्या घरच्या म्हातारीनं तर पाल्याबरोबर निरोपही दिला, की पोरीला तेल लावायला मी येत जाईन, दुसरी बाई ठरवू नका. थैली गच्च भरली. परत येताना देवरावजी इतके सावकाश चालत होते की मला थांबावं लागे.

"काई बोललंच नाई रे कोनी," ते मध्येच म्हणाले.

"बोलले की, काकाजी. किती हसल्या गोदाबाई."

"तसं नाई. तिच्याबद्दल वाकडं." थोडं पुढे जाऊन पुन्हा थांबले. "मले वाटे, लोक तोंडावर थुकतीन. कोनाच्या दारात गेलोच नाई मी इतके दिवस."

मी थैली या हातातून त्या हातात घेतली.

दोन-तीन दिवसांनी दुपारी ते माझ्या खोलीत आले. खिडकीची फट हातानं चाचपली, कडी लावून पाहिली, कोपऱ्यात उभं राहून वारा येतो का ते बघितलं.

"आना जी इथं," मी म्हणालो. "पुस्तकं खाटेखाली ठेवतो. माह्यं काई अडत नाई अळ्याइनं."

"अळ्याइले नाई पाह्यजे खोली." ते भिंतीकडे बघत राहिले. "तू पडवीत झोपशीन का रे काई दिवस? बाळंतिनीले वारा नाई लागला पाह्यजे."

मी त्याच क्षणी वळकटी बांधायला घेतली. ते म्हणाले, आज नाही, आधी आणायला जावं लागेल. आणि मग, ज्या माणसाच्या पुकाराशिवाय वर्ध्याहून गाडी हलत नसे, तो मला म्हणाला, "येतं का माह्यासंग आर्वीले? मले एकट्याले नाई जमत."

आम्ही गेलो. रस्ताभर ते माझ्याशी अळ्यांबद्दलही बोलले नाहीत. मास्तरांचं घर विचारत विचारत सापडलं. दार शालूनंच उघडलं. पोट सांभाळत ती चौकटीला धरून उभी राहिली आणि जागची हललीच नाही. आतून मास्तर आले; त्यांना वाकून नमस्कार करावा की नाही तेही समजेना. खुर्ची पुढे केली, पण देवरावजी बसले नाहीत. मी तर चपला काढाव्या की नाही याच विचारात होतो.

आमच्याकडे बाप लेकीच्या घरचं पाणी पीत नाही, नातवंडाचं तोंड पाहीपर्यंत. आणि त्या काळात देवरावजींच्या घरचं कोणी मास्तरांच्या जातीत पाणी पीत नसे.

देवरावजींनी घसा खाकरला. "ऊन लय हाय," ते म्हणाले. आभाळ भरून आलेलं होतं. "पानी देजा बरं."

शालू तशीच उभी. मास्तरच आत गेले आणि दोन्ही हातांनी धरून गिलास घेऊन आले. देवरावजींनी तो उभ्या उभ्या, घटाघटा, एका दमात संपवला. मिशा पुसल्या. मग रिकामा गिलास जावयाच्या पुढे धरून म्हणाले,

"अजून एक."