आधी आवरतो, मग जाऊ

वेस्ट विंडसरच्या नरेंद्रला फायनान्शियल प्लॅनर नको होता असं कोणी म्हणू नये. हवाच होता. फक्त प्लॅनरकडे जायच्या आधी त्याला घरचे हिशेब जरा नीट लावायचे होते, आणि त्यात चार वर्षं गेली, एवढंच.

प्रश्न तसा साधा होता. त्याची बायको सुवर्णा रोज साडेपाचला उठून न्यूयॉर्कच्या गाडीसाठी धावायची. त्या नोकरीला ती अगदी विटली होती. आपण ती सोडली तर घरचं भागेल का, एवढंच तिला कळायला हवं होतं.

"रीमाला विचारू या ना," ती म्हणाली. रीमा म्हणजे मराठी मंडळातल्या पद्मिनीताईंची मुलगी, इथेच जन्मलेली, प्लॅनर म्हणून चांगलं नाव असलेली. फी वर्षाला तीन हजार डॉलर.

"हा असा पसारा घेऊन?" नरेंद्र दचकलाच. "तीन जुन्या कंपन्यांचे रिटायरमेंट अकाउंट, नागपूरच्या एफडी... पद्मिनीताईंच्या मुलीला काय वाटेल? आधी आवरतो, मग जाऊ."

आणि गडी जो आवरायला बसला! पहिल्या वर्षी जुने अकाउंट एकत्र केले. दुसऱ्या वर्षी बारा वर्षांचा खर्च एक्सेलमध्ये उतरवला. तिसरं वर्ष रंग ठरवण्यात गेलं. एफडीला हिरवा द्यावा की पिवळा, यावर तो तीन शनिवार अडला होता. चौथ्या वर्षी त्याने शीटला अनुक्रमणिका जोडली. सुवर्णा मधूनमधून विचारायची, "झालं का रे?" तो म्हणायचा, "होतच आलंय!" मग ती पर्स उचलून गाडीला पळायची.

शेवटी गेल्या महिन्यात तिनेच रीमाची वेळ घेतली. रीमाने फाइल उघडली आणि बघतच राहिली.

"ओ माय गॉड, काका! हे सगळं तुम्ही एकट्याने केलं?" तिने शेजारच्या केबिनमधून विनयला, तिच्या पार्टनरला, बोलावून आणलं. तोही आ वासून उभा राहिला. "असं काम मी आयुष्यात पाहिलं नाही," तो पुटपुटला. सुवर्णासुद्धा थक्क झाली. एवढं अफाट काहीतरी आपल्या डायनिंग टेबलावर घडत होतं आणि आपण त्याला डोसे वाढत होतो!

"खरं सांगू काका?" रीमा म्हणाली. "तुम्हाला माझी गरजच नाहीये."

"ऐकलंस?" नरेंद्रची छाती टम्म फुगली. "वाचले तीन हजार!"

"रीमा, मी नोकरी सोडू शकते का गं?" सुवर्णाने विचारलं.

"ऑफ कोर्स, काकू. ॲक्च्युअली," रीमाने स्क्रीनवर बोट ठेवलं, "काकांच्याच शीटमध्ये आहे. तुम्ही चार वर्षांपूर्वीच सोडू शकला असतात."

विनय हळूच बाहेर सटकला. सुवर्णाने तो आकडा पाहिला. हिरव्या रंगात, ठळक, एकदम अचूक.

"ती बेरीज बघायची राहिलीच गं," नरेंद्र चाचरत म्हणाला. "म्हटलं, आधी सगळं नीट तर लागू दे."

सुवर्णाला हसावं की रडावं कळेना. तिने रीमासमोर हात पुढे केला. "फॉर्म दे. सही कुठे करायची?"

"अगं, पण ती म्हणतेय ना, आपल्याला गरज नाही!"

"तुला नाहीये रे," सुवर्णा पेनाचं टोपण काढत म्हणाली. "पण मी काही विचारलं, तर मला त्याच वर्षी उत्तर हवंय."