पहिल्या रांगेतली खुर्ची

शेडचं दार उघडलं आणि काका आत शिरून एकदा जोरात खाकरले. आवाज पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला आणि सावकाश परत आला. काकांचे डोळे भरून आले.

"इथं जहाज मावेल," ते म्हणाले.

काकांचं भव्य संगीत नाटक तरुणपणी एकाच प्रयोगात आटोपलं होतं. त्यात किल्ला होता, सैन्य होतं आणि जहाज होतं. रंगमंचावर जहाज निम्मंच आलं, आणि निम्म्या जहाजातून नायिकेला काही पळून जाता येईना. तेव्हापासून काका योग्य जागेच्या शोधात होते. विमानं ठेवायची ही रिकामी शेड अखेर त्यांच्या मेव्हण्यानं हुडकून काढली.

काकू मागेच उभ्या होत्या. लग्न झाल्यापासून काकांच्या प्रत्येक नाटकात त्या विंगेत बसून संवाद सांगत आल्या होत्या.

"लोक म्हणतात, सेनापतीच्या कामात तुम्ही काय दिसता! मला आपला तुमचा उजवा कान दिसतो," त्या म्हणाल्या. "या खेपेला संवाद दुसरं कुणीतरी सांगेल. मी पुढं बसून बघणार."

"पहिली रांग, मधली खुर्ची. शब्द दिला," काका म्हणाले.

तालमी सुरू झाल्या आणि शेड लहान व्हायला लागली. सुताराला किल्ला बोडका वाटला म्हणून बुरूज आले. एवढ्या बुरुजांखाली आपले वादक मुंग्यांसारखे दिसतील, असं बँडमास्तर म्हणाला, म्हणून वादक दुप्पट झाले. मग जहाज वळणार कुठं, असा प्रश्न निघाला. दरवेळी काका म्हणायचे, "असू दे, जागेला काय तोटा आहे?" आणि दरवेळी खुर्च्यांच्या काही रांगा मुकाट्यानं बाहेर जायच्या.

प्रयोगाच्या संध्याकाळी मेव्हणा घामाघूम होऊन आला.

"दाजी, प्रेक्षक आलेत."

"मग बसव की त्यांना."

"कुठं?"

काकांनी वळून पाहिलं. जहाजाचं नाक समोरच्या भिंतीपर्यंत पोचलं होतं. मधल्या बोळकांडीत एकच खुर्ची उरली होती आणि तिच्यावर काकू मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या.

"ताईला उठवून काय होणार? तिकिटं परत करू या," मेव्हणा म्हणाला.

दुसऱ्यांदाही नाटक जागेपायी बुडालं, तर तिसरी वेळ येणार नव्हती. काकांनी दाराच्या फटीतून बाहेर पाहिलं.

"आपलं सैन्य किती आहे रे?"

"दहा-बारा पोरं. तीच फिरून फिरून येतात."

"मग बाहेर उभं आहे ते काय आहे?"

कपडेपटवाल्यानं भव्यतेच्या धास्तीनं सैनिकांच्या, नाकापर्यंत येणाऱ्या टोपांचा ढीग आणूनच ठेवला होता. प्रेक्षकांनी आनंदानं टोप चढवले. फक्त एक निवृत्त हेडमास्तर अडून बसले. "तिकीट काढून मी हरणाऱ्या बाजूला जाणार नाही!"

नाटक दणक्यात झालं. लढाईत मेलेल्यांना पुढचं दिसेना, म्हणून ते उठून बसले. सेनापती झालेल्या काकांनी तोंड उघडलं की सगळं सैन्य गायला लागायचं, त्यामुळे मूळ आवाज कुठला ते कळायला मार्ग नव्हता. जहाज मात्र अख्खं वळलं आणि नायिका एकदाची पळाली.

"कसं झालं हो?" सैनिक एकमेकांना विचारू लागले. कुणालाच सांगता येईना, सगळेच नाटकात होते. हळूहळू सगळी शेड त्या एकुलत्या एका खुर्चीकडे वळली. गर्दीतून वाट काढत काका पुढं आले.

"अगं, सांग ना!"

काकूंनी चष्मा पुसला. "फार छान झालं. जहाज वळलं तेव्हा तर मला रडूच आलं."

"आणि सेनापती?"

"त्यासाठी उद्या परत येते," काकू ओशाळून म्हणाल्या. "सगळ्यांचे टोप सारखेच हो! मी पूर्ण वेळ एका उंच माणसाकडं कौतुकानं बघत बसले, आणि आत्ता त्यानं टोप काढला तर आपले दातांचे डॉक्टर."