अडीच मात्रांचा विराम

एका जंगलात, मुलांनो, फार विद्वान प्राणी राहत. जंगल एका बेटावर होतं. तिथे बारा महिने धुकं असे. त्यामुळे कुणाला लांबचं दिसत नसे आणि प्रत्येकाला आपणच सगळ्यांत उंच आहोत असं वाटे.

तिथे धवलकंठ नावाचा बगळा संगीत रचायचा. त्याला एकच ध्यास होता. सिंहमहाराजांनी आपल्याला 'सर' म्हणावं. पण दरबारात पंडित दोन होते. घूकशास्त्री घुबड म्हणत, "माझ्या पणजोबांना कळलं नसतं असं काही रचलंत, तर मी उठून जाईन." कोल्होबा समीक्षक म्हणत, "कानाला गोड लागलं, तर हा संपला असं मी छापून टाकीन."

बगळा एका पायावर उभा राहून महिनाभर विचार करत होता.

"मी दोन्ही करीन," तो शेवटी म्हणाला. "मुळं जुनी, फांद्या नव्या!"

हे वाक्य त्याला इतकं आवडलं, की त्याने ते तीन मुलाखतींत सांगितलं. संगीत अजून सुरू व्हायचं होतं.

मुळं हवीत म्हणजे खेड्यात जाणं आलं. वही घेऊन तो सायकलवर माळाकडे निघाला. बगळ्याला पंख असतात, हे मलाही ठाऊक आहे. पण उडत आलेल्या पाहुण्यापुढे खेडूत मोकळे होत नाहीत, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं.

माळावर गोजाबाई मेंढी राहायची. दिवस कलला की धुक्यात पांगलेल्या कोकरांना घरी आणायला ती गायची. एकाचं नाव घ्यायचं, थांबायचं, धुक्यातून 'ब्यां' आलं की पुढचं नाव.

"ये गं काळे, माळ उतर..." ब्यां.

"ये रं भोऱ्या, वढा वलांड..." ब्यां.

"ये रं लंगडू..." इथे ती थांबली ती थांबलीच. बऱ्याच वेळाने बारीकसं 'ब्यां' आलं. मग तिने शेवटची ओळ म्हटली, "आली समदी, कवाड लावा."

"अप्रतिम!" बगळा म्हणाला. "या विरामाचं रहस्य काय?"

"रहस्य कसलं, म्हाराज? त्याचा पाय अधू हाय. दगडाआडनं वर याया येळ लागतो. त्यानं ओ दिल्याबिगर मी फुडं जात न्हाई. माझा आवाज थांबला तर त्यो कशाच्या मागनं येनार?"

"किती सहज आहे हे!" म्हणत बगळ्याने वहीत लिहिलं : विराम, अडीच मात्रा. तीन लिहिल्या असत्या तर जुनाट दिसलं असतं.

दरबाराच्या उत्सवात त्याची रचना सादर झाली. खाली चाळीस हंस गोजाबाईची चाल गात होते. वर बारा बेडूक बारा वेगवेगळ्या सुरांत ओरडत होते. बेडूक सुरू झाले की घूकशास्त्री कान झाकत, हंस सुरू झाले की कोल्होबा. दोघांनाही रचना फार आवडली.

महाराज नगाऱ्याने जागे झाले. "आजपासून हे जंगलगीत," ते म्हणाले. "वहीत आहे तसंच गायचं. फरक केला तर तो द्रोह. सगळं जंगल बरोबर गाऊ लागलं, की धवलकंठा, तुला 'सर' करू."

महिन्याभरात सगळे शिकले. फक्त एकजण चुकत होती. धवलकंठ स्वतः माळावर गेला.

"गोजाबाई, तुम्ही जंगलगीत बिघडवताय. अडीच मात्रा!"

"पर म्हाराज, लंगडूनं आजून ओ दिली न्हाई."

"त्याच्यासाठी जंगलगीत थांबत नसतं, बाई. शिवाय इतका लांब विराम रचनेला शोभत नाही."

"गानं माझंच हाय न्हवं?"

"होतं," बगळा प्रेमाने म्हणाला. "आता ते सर्वांचं आहे."

द्रोहाची शिक्षा गोजाबाईला माहीत होती. घरात आणखी दोन पोरं होती. त्या संध्याकाळी ती वहीप्रमाणे गायली. "ये रं लंगडू..." एक, दोन, अर्धी. "आली समदी, कवाड लावा." गाणं संपलं. बगळ्याने मान डोलावली आणि तो सायकलवर बसला.

मागे धुक्यातून बारीकसं 'ब्यां' आलं. ते त्याने ऐकलं. ते तालात नव्हतं. पुन्हा एकदा आलं. मग आलं नाही. कोल्होबा रोज त्या बाजूला फिरायला जात.

दुसऱ्या दिवशी धवलकंठ पुन्हा आला तेव्हा गोजाबाई माळाच्या टोकाला उभी होती. "ये रं लंगडू," ती म्हणाली आणि थांबली. थांबून राहिली. धुकं दाट झालं, तरी ती पुढची ओळ म्हणेना.

धवलकंठाचे डोळे भरून आले. त्याला खरंच वाईट वाटलं, हे खोटं नाही. इतका लांब विराम त्याने आयुष्यात ऐकला नव्हता. त्याने वही काढली आणि मात्रा मोजायला सुरुवात केली.

त्यातून त्याचं सुप्रसिद्ध शोकगीत तयार झालं. पहिल्या रांगेत कोल्होबा हुंदके देत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी छापलं, "या कलाकृतीने आमचं पोट भरलं." महाराजांनी बगळ्याला त्याच आठवड्यात 'सर' केलं.

तात्पर्य : मुलांनो, परंपरा जपायची असेल तर ती आधी वहीत उतरवून घ्यावी. मग जिच्याकडून घेतली तिलाच ती बरोबर शिकवावी. एखादं कोकरू जाईल, पण त्याची काळजी नको. शोकगीतात जुनं आणि नवं फार सुरेख मिसळतं.