हिरवा रस आणि सासऱ्यांची पँट

मी हिरवा रस प्यायला लागलो तो तब्येतीसाठी नव्हे. तब्येत माझी उत्तम आहे, जरा नको तितकीच उत्तम आहे. (पाणीपट्टीच्या ऑफिसात माझी खुर्ची मोडली तेव्हा साहेबांनी खुर्ची न मागवता सरळ बाकच मागवलं.) मी रस प्यायलो तो एका पँटीसाठी.

ही पँट माझ्या सासऱ्यांची. ते आता नाहीत, पण त्यांचा काळा सूट आहे. आमच्याकडे पोर पंधराची झाली की लग्नासारखा समारंभ करतात; तेव्हा हा सूट घालून ते आपल्या लेकींबरोबर वॉल्ट्झ नाचले आणि तेव्हापासून घराण्यात नियमच पडला: पोरीबरोबर जो नाचेल, तो हाच सूट घालून नाचेल. आता माझी हिमेना पंधराची व्हायची होती. सासरे होते काडीसारखे. मी पँट चढवून पाहिली. वर आली, पण बटण एका देशात आणि काज दुसऱ्या देशात. मधे वीतभर मी.

"अहो, श्वास आत घ्या," माझी बायको ओफेलिया म्हणाली.

"घेतलाय."

"मग पोट कुठे घेतलंत?"

सासूबाई, म्हणजे सगळ्यांच्या दोन्या कुका, खिडकीशी बसून नातीचा झगा शिवत होत्या. पाचूसारखं हिरवं सॅटिन, मागे त्याच कापडाचा भला मोठा बो, फुलपाखरी गाठीचा. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"जावईबापू, नाहीच जमलं तर मनाला लावून घेऊ नका. आमचा फाउस्तो आहे ना. मामा काय परका असतो?"

फाउस्तो म्हणजे माझा मेहुणा. सकाळी उठून पळतो. मागे कोणी लागलेलं नसताना! झालं, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिमेना एवढीशी होती तेव्हा माझ्या पायांवर पाय ठेवून स्वयंपाकघरात नाचायची. "मी मोठी झाले ना बाबा, की खरंखुरं नाचायचं," असं वचन घेतलं होतं तिनं. आणि तिथं हा काडीपैलवान नाचणार? मुळीच नाही. त्याच दिवशी मी हिरवा रस सुरू केला.

आमच्या पुएब्ला शहरातल्या बाजारात निवडुंगाची पानं काटे काढून मिळतात. पण व्रत घेतलं की मनापासून पाळावं, म्हणून मी काट्यांसकट आणली आणि घरी सोलत बसलो. काटे पानातून निघाले, नाही असं नाही. ते माझ्या बोटांत आले. मग सेलरी, काकडी, पार्सली मिक्सरमध्ये घातली आणि बटण दाबलं. (झाकण लावायचं राहिलं होतं. छत आता हिरवं आहे, आणि वाईट दिसत नाही.) निवडुंगाला भेंडीसारखी तार सुटते. पहिला घोट अर्धा पोटात, अर्धा पेल्यात आणि मधे त्या तारेला आम्ही लोंबकळतोय. म्हणून थोडा अननस घातला. मग संत्री. मग मध. मधानं मात्र रसाला अर्थ आला.

आणि एवढा पौष्टिक रस पोटात गेल्यावर कोपऱ्यावर पावात घालून मिळणारा मक्याच्या पिठाचा वाफवलेला तामाल खाल्ला तर बिघडतं कुठे? रस प्यायलोच होतो की!

अशात रविवार आला. रविवारी सगळे आमच्याकडेच जेवायला. आता आमच्या घरात, आमच्याच काय, अख्ख्या मुलखात मेयोनीजची रिकामी बरणी फेकणं हे पाप आहे. फ्रीजमध्ये सगळ्या सारख्याच बरण्या. त्यातल्या एकीत माझा रस.

"काय दाजी," फाउस्तो माझ्या पोटाकडे बघत म्हणाला, "रस चालू आहे म्हणे? कुणाला पाजताय?"

"थांब, दाखवतो."

मी बरणी काढली, मोठा पेला काठोकाठ भरला आणि सगळ्यांसमोर तोंडाला लावला. दुसऱ्या घोटाला कळलं. तो रस नव्हता. ती सासूबाईंची मिरचीची हिरवी चटणी होती. पण समोर फाउस्तो उभा! थांबलो असतो तर वॉल्ट्झ त्याचा होता. मी पेला तळापर्यंत रिकामा केला. कानांतून काहीतरी बाहेर पडल्यासारखं वाटलं.

"दाजी, रडताय?"

"पोर... मोठी... झाली रे," मी म्हणालो.

फाउस्तोचं मन भरून आलं. त्यानं मला मिठी मारली. तेवढ्यात टेबलाशी सासूबाईंनी चटणी ओतलेल्या एंचिलादाचा पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"ओफेलिया, चटणीत अननस कुणी घातला गं?"

सगळ्यांनी आधी टेबलावरच्या दुसऱ्या बरणीकडे पाहिलं, मग माझ्या पेल्याकडे, मग माझ्याकडे.

"अगं बाई! म्हणजे जावईबापू, तुम्ही ती सगळी प्यायलात?"

मी मान हलवली. बोलण्याची सोय राहिली नव्हती. सासूबाईंनी उठून माझ्यासमोर दुधाचा पेला आणून ठेवला.

पुढचे दोन दिवस मी घरात कुठे होतो, हे सभ्य माणसानं विचारू नये. पण आठवडाअखेर पँट चढवली आणि काय सांगू, बटण लागलं! लोण्यातून सुरी जावी तसं लागलं. मी घरभर ओरडत फिरलो. ओफेलियानं दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली.

"छान," सासूबाई म्हणाल्या. "फक्त हॉलमध्ये कोट काढायचा नाही. कितीही उकडलं तरी नाही. ह्यांच्या सुटाचा मान आहे तो."

समारंभाला हिमेना हिरव्या झग्यात आली तेव्हा मी कोट नीट केला आणि हात पुढे केला. (बो दिसला नाही. म्हटलं, फॅशन बदलली असेल.) बँडनं वॉल्ट्झ धरला आणि आम्ही नाचलो. तिच्या पायावर एकदाही पाय पडू दिला नाही. "बाबा, खरंखुरं नाचतोय आपण," ती कानात म्हणाली. त्या क्षणी मला कुणी राज्य देऊ केलं असतं तरी म्हटलं असतं, नंतर या. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. फाउस्तो तर शिट्ट्या मारत होता!

"दाजी, मानलं! कसं जमवलंत?"

आता विचारलंच आहे म्हटल्यावर मी माइक घेतला. निवडुंगाचे गुण सांगितले, निश्चयाचे सांगितले. बायका प्रमाण विचारू लागल्या. मला चेव चढला. "आणि पुरावा हवा असेल तर हा बघा!" म्हणत मी कोट काढून भिरकावला आणि ऐटीत गिरकी घेतली.

हॉलमध्ये जो हशा उसळला, तो थांबेचना. मी मागे हात लावून पाहिला. कमरेखाली, शिवणीच्या मधोमध, काहीतरी गुळगुळीत लागलं. सॅटिन.

"कोट काढू नका म्हणून बजावलं होतं ना!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"पण सासूबाई, मग माझा रस?"

"रस प्या की. मध तेवढा कमी घाला. होतात त्यापेक्षा जाडच झालात तुम्ही! म्हटलं, लेकीपायी ज्यानं माझी चटणी गिळली त्यालाच नाचू दे. कापड पुरेना, तेव्हा पोरीचा बो उसवून पँटीला मागे जोड दिला."

"आजी! माझा बो?" हिमेना ओरडली. मग हसत हसत तिनं माझा हात धरला. "चला बाबा, अजून एकदा. तुम्हाला शोभतोय."

आम्ही पुन्हा नाचलो. त्या नाचाचा मोठा फोटो सासूबाईंनी बैठकीत लावलाय, पाठमोरा.