अमरवेलीनंतरचं उदाहरण

परजीवी वनस्पतींची दोन उदाहरणं लिहा, या प्रश्नाला एक्केचाळीस मुलांनी एकच उत्तर लिहिलं होतं: अमरवेल आणि आपले प्राचार्य. पेपर दुसऱ्या कुणी तपासले असते, तर हसण्यावारी गेलं असतं. पण प्राचार्य मूळचे वनस्पतिशास्त्राचे, आणि तपासायला माणूस कमी पडला म्हणून तो गठ्ठा त्यांनीच घरी नेला होता.

सगळ्यांनी एकाच वहीची झेरॉक्स विकत घेतली होती, हे कळायला अर्धा दिवसही लागला नाही. वही टेपची. वर्गात शिकवणारे सर बोलतील तो शब्दन् शब्द ती उतरवायची, म्हणून तिचं नाव टेप पडलं होतं. "पंखा बंद करा" हेसुद्धा तिच्या वहीत होतं. सर शिकवताना मध्येच चिडून काहीबाही बोलत, ते गाळायचं असतं हे तिच्या हाताला ठाऊकच नव्हतं. विकण्याआधी वही एकदा वाचावी, हे शहाणपण तिला आता सुचत होतं.

शेवटचं वर्ष होतं. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिची नोकरी ठरली होती, निकाल लागला की हजर व्हायचं. आणि हातात नोटीस: "परवानगीशिवाय नोट्स विकणे व बदनामी. सोमवारी खुलासा करावा." आई ती वाचून रडली, मग चष्मा लावून तिने ती पुन्हा वाचली आणि पुन्हा रडली. शेवटी तिने भावाला बोलावलं. मामाने जन्मभर भाडेकरारच केले होते, पण घरात वकील तेवढाच.

"मामा, नोट्स विकणं गुन्हा आहे का?"

"शब्द कुणाचे त्यावर आहे. सरांचं बोलणं जसंच्या तसं विकलंस, तर माल सरांचा आणि तू चोर. समजून घेऊन स्वतःच्या शब्दांत लिहिलंस, तर वही तुझी. खुशाल विक."

"मग माझेच शब्द म्हणून सांगते."

"सांग की. मग प्राचार्यांना परजीवी तूच म्हणालीस."

"आणि सरांचे म्हटलं तर?"

"चोरी. इकडे आड, तिकडे विहीर."

"दादा, तुला धीर द्यायला बोलावलं होतं," आई म्हणाली.

रात्रभर तळमळून टेपने ठरवलं, चोर तर चोर, खरं सांगायचं.

सोमवारी प्राचार्यांच्या खोलीत सर आधीच बसले होते. आपली व्याख्यानं शब्दशः चोरीला गेली, असा तक्रारअर्ज त्यांनी सकाळीच टेबलावर ठेवला होता. उत्तरपत्रिका मात्र त्यांनी पाहिल्या नव्हत्या.

"सगळे शब्द सरांचेच आहेत," टेप म्हणाली. "मी फक्त उतरवले. चुकलं माझं."

प्राचार्यांनी सरांपुढे एक उत्तरपत्रिका सरकवली. सरांनी ती वाचली. मग तक्रारअर्ज उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला.

"यात माझा एकही शब्द नाही," ते म्हणाले. "मुलगी स्वतंत्र बुद्धीची आहे."

तीन वर्षांत त्यांनी केलेलं हे पहिलं कौतुक.

"म्हणजे नोट्स तिच्या?"

"सर्वस्वी."

"लेखी द्या."

सरांनी दिलं. एक प्रत टेपलाही मिळाली. विक्रीचा आरोप तिथेच गळाला, आणि बदनामीसाठी निकाल रद्द होऊन वर्षभर परीक्षेला बंदी झाली. प्रयोगशाळेतली जागा त्या एक्केचाळिसांतल्याच एकाला मिळाली. त्याने निरोप पाठवला, नोट्स फार उपयोगी पडल्या.

पुढच्या वर्षी टेप पुन्हा त्याच वर्गात, त्याच बाकावर येऊन बसली. सर आले. त्यांची जुनी फाटकी वही दिसली नाही. हातात झेरॉक्सचा गठ्ठा होता, आणि त्यावरचं अक्षर तिने लांबूनच ओळखलं.

"परजीवी वनस्पती. लिहून घ्या." सर वाचू लागले. "उदाहरणार्थ, अमरवेल." पुढची ओळ पाहून ते अडखळले, त्यांनी दाराकडे नजर टाकली आणि घाईघाईने तिच्या खालची ओळ वाचली, "पंखा बंद करा."

पंखा बंदच होता. एक मुलगा उठला, त्याने वर बघितलं आणि गोंधळून खाली बसला.

हे शब्द आपल्या मालकीचे आहेत, तसा सरांच्या सहीचा कागद घरी कपाटात आहे, हे टेपला आठवलं. रडू आलं. तिने मान खाली घातली आणि तेही लिहून घेतलं.