पिवळ्या भाजीची बदली

आमच्या घरातल्या बटाट्याच्या पिवळ्या भाजीची मंगळवारी बांकुड्याला बदली झाली. बांकुडा बंगालात आहे. मला ते ठाऊक नव्हतं, पोस्टमनने सांगितलं.

बदलीत नवल काही नाही. आमच्या आळीत सगळ्यांच्याच बटाट्याच्या भाज्यांच्या बदल्या होतात. इथली तिकडं जाते, तिकडची इथं येते. मग घरच्या बाईनं कढईत काय वाटेल ते घालू दे, झाकण काढलं की नेमणुकीवर असलेलीच भाजी निघते. समोरच्या खंडू गावड्याकडं आजवर गुजरातची साखर घातलेली सुकी भाजी येऊन गेली, बिहारचा चोखा येऊन गेला, मद्रासकडचे खरपूस परतलेले बटाटे येऊन गेले. सध्या काश्मीरचा दमआलू आहे. त्याला बडीशेपेचा वास येतो आणि खंडूला त्याची ऐट फार.

मला असली ऐट कधी लागली नाही. माझ्याकडं एकच होती, आणि ती एक्केचाळीस वर्षं जागची हलली नव्हती. हौसा, म्हणजे आमची मंडळी, लग्न होऊन आली त्याच दिवशी ती भाजी या घरात हजर झाली. मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची, कढीपत्ता, वरून कोथिंबीर. बाकी थेरं नाहीत. मी बाजार समितीत मापाडी होतो, उभा जन्म बटाटा जोखला. शाळा चौथीपर्यंतच, पण बटाट्यातलं मला कुणी शिकवू नये.

हुकमात लिहिलं होतं, ‘सदर भाजीस आज दुपारच्या जेवणानंतर कार्यमुक्त करण्यात यावे.’

दुपारी हौसानं ती शेवटची वाढली. मी भाकरीबरोबर खाल्ली, ताट पुसून घेतलं आणि म्हणालो, “मीठ कमी आहे.”

“आज तरी राहू द्या,” हौसा म्हणाली.

“कमी आहे ते कमी आहे.”

बुधवारी हौसानं नेहमीसारखीच फोडणी टाकली. हळद मी माझ्या डोळ्यांनी पडताना पाहिली. झाकण काढलं तर आत पांढुरकं काहीतरी होतं, खसखशीत लडबडलेलं, वर मोहरीच्या तेलाचा तवंग. हजर झाल्याचा कागद कढईच्या कडेला चिकटला होता. नाव, आलू पोस्तो. मूळ ठिकाण, निमाई महतो यांचे घर, बांकुडा.

“पांढरा आहे,” मी म्हणालो. “आजारी असंल.”

हौसानं बोटावर घेऊन चाखलं. मग पुन्हा चाखलं. “गरीब स्वभावाचा आहे हो,” ती म्हणाली. “आवाज नाही करत जिभेवर.”

तिथून माझं डोकं फिरलं. बाहेरचा गडी आदल्या दिवशी घरात येतो आणि दुसऱ्या दिवशी बाई माळ्यावरचा पाटा-वरवंटा काढते! पोस्तोला मिक्सरची खसखस मानवत नाही म्हणे. माझे गुडघे दुखतात म्हणून तेल चोळ म्हटलं की हिचे हात दुखतात. त्याच्यासाठी अर्धा-अर्धा तास वरवंटा ओढायची. ओढताना गुणगुणायची. माझ्यासमोर ती शेवटची कधी गुणगुणली होती ते मी आठवून पाहिलं. आठवलं नाही.

खंडू ओट्यावरून बघत होता. “मुक्ताजी, आता तूबी आमच्यातला झालास,” तो म्हणाला. “लय मिरवायचास, आमची हलत नाही म्हणून.”

“तूच कुठंतरी शब्द टाकला असशील.”

“माझ्या शब्दानं माझा दमआलू वेळेवर शिजत नाही. बदल्या कुठून करू?”

पंधरा दिवसांनी निमाई महतोचं पत्र आलं. हिंदीत होतं. मी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. त्यानं लिहिलं होतं की तुमची भाजी सुखरूप पोचली. वास घेऊन शेजारपाजारचे जमले. माझ्या नव्वद वर्षांच्या आईनं दोन वेळा मागून घेतली. आम्ही सकाळी ती कुरमुऱ्यांबरोबर खातो. इतकी गुणी भाजी तुम्ही इतकी वर्षं सांभाळलीत, तुमचे उपकार आहेत.

कुरमुऱ्यांबरोबर! माझी भाजी! भेळेच्या गाडीवर उभी केल्यासारखी!

पत्र मी घडी करून खिशात ठेवलं. नंतर पाच-सहा वेळा काढून वाचलं. दर वेळी त्या म्हातारीपाशी येऊन अडायचो. दोन वेळा मागून घेतली म्हणे. मी कधी मागून घेतली नाही. मला मागावी लागत नव्हती, ती आपणहून ताटात पडत होती. हा फरक त्या महतोला कोण समजावणार?

सोमवारी मी तालुक्याच्या कचेरीत गेलो. भाज्यांच्या बदल्यांच्या टेबलावर तांबोळी मॅडम होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, पण बोलायला सरळ बाई.

“भाजी परत पाहिजे,” मी म्हणालो.

“नाव?”

“माझं का भाजीचं?”

“आधी भाजीचं, मग तुमचं.”

मी सांगितलं. त्यांनी कपाटातून फाईल काढली, दोन पानं उलटली आणि माझ्याकडं पाहिलं. “बाबा, ही विनंती बदली आहे.”

“विनंती कुणी केली? खंडू गावड्यानं?”

“भाजीनं.”

त्यांनी अर्ज माझ्यापुढं सरकवला. छापील नमुना होता. खाली सहीच्या जागी पिवळा डाग. मी तो लगेच ओळखला. माझ्या प्रत्येक सदऱ्यावर तोच डाग आहे, धुऊन जात नाही.

“कारण वाचा,” मॅडम म्हणाल्या.

मी वाचलं. ‘वार्षिक अहवालातील कौतुकाचा रकाना एक्केचाळीस वर्षे कोरा आहे.’

आता हा अहवाल म्हणजे काय ते सांगतो. दर मार्चला घरच्या कर्त्या माणसानं भाजीचा अहवाल भरून द्यायचा असतो. मीठ, तिखट, शिजणे आणि कौतुक, असे चार रकाने. मी मिठापुढं ‘कमी’ लिहायचो, तिखटापुढं ‘बेताचे’, शिजण्यापुढं ‘शिजते’. कौतुक कोरं. मॅडमनी सगळे अहवाल टेबलावर पसरले. माझंच अक्षर होतं. पहिल्या वर्षांतलं जरा बरं, नंतर नंतर थरथरतं, पण मजकूर तोच.

“इतकी वाईट होती का?” मॅडमनी विचारलं.

“वाईट?” माझा आवाज चढला. “अहो, तिच्यासाठी मी पोरीच्या लग्नातलं पंचपक्वान्न सोडून घरी येऊन जेवलोय!”

“मग लिहिलं का नाही?”

“अन्नाला तोंडावर चांगलं म्हणायचं नसतं, मॅडम. नजर लागते. माझ्या आईनं केलेल्या खिरीला एका पाहुण्यानं वा म्हटलं, दुसऱ्या घासाला खीर नासली. समोर बसलो होतो मी. म्हणून आमच्या घरात जेवण कितीबी चांगलं असू दे, काहीतरी खोट काढायची. लेकराला काजळाची तीट लावतात ना, तसं मी तिला ‘मीठ कमी’ लावत होतो. रोज लावत होतो. एक दिवस चुकलो नाही.”

मॅडमनी पसरलेले अहवाल पुन्हा गोळा केले आणि म्हणाल्या, “हे कुठल्या रकान्यात लिहिलंय?”

“हे लिहितात का कुठं?”

“आम्हाला लिहिलेलंच दिसतं, बाबा.” त्यांनी फाईल बांधली. “परत आणायची तर एकच वाट आहे. तुमच्याकडची जागा रिकामी झाली पाहिजे. आलू पोस्तो तिथून उठला, तर आम्ही पिवळ्या भाजीला पुन्हा विचारू शकतो. एका घरात बटाट्याची एकच भाजी नेमता येते.”

घरी येईस्तोवर माझा विचार पक्का झाला. पोस्तोला उठवायचं. आणि उठवायचं कसं, ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी हौसानं पोस्तो वाढला. मी एक घास खाल्ला आणि आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “वा! काय झालाय! असा बटाटा मी जन्मात खाल्ला नाही!”

हौसाच्या हातातली पळी खाली पडली.

“बरं वाटतंय ना तुम्हाला?” तिनं विचारलं.

“मला काय झालंय? चांगल्याला चांगलं म्हणू नये का?” आणि मी नजर लागावी म्हणून ताटाकडं डोळे वटारून पाहिलं. पापणी हलू दिली नाही.

रात्री मी मुद्दाम कढईत डोकावलो. नासला नव्हता. पहिल्या दिवशी कुठं नासतंय, म्हणून मी नेट लावला. रोज म्हणायचो, रोज नवीन. काय मऊ, काय चव, काय ती खसखस. ओट्यावर उभा राहून खंडूलाही सांगायचो, म्हणजे त्याचीही नजर लागेल. खंडूची नजर वाईट आहे. त्यानं एकदा माझ्या सायकलीला झकास म्हटलं आणि संध्याकाळी ती पंक्चर.

पोस्तोला काही झालं नाही. उलट तो दिवसागणिक चढत गेला. आधी नुसता गरीब होता, मग त्यात हिरव्या मिरचीची धार आली, मग खालच्या थराला एक खरपूसपणा आला. हौसा आता दुपारी केस विंचरून वाढायला यायची. मी म्हणायच्या आधीच जवळ उभी राहायची. एकदा मी दाढ दुखत होती म्हणून गप्प जेवलो, तर तिनं विचारलं, “आज काय चुकलं का?”

“नाही. फक्कड झालाय.”

मी मान वर करून तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. हा चेहरा मी लग्नात पाहिला होता. त्यानंतर नाही. आणि तो आता माझ्यासाठी होता का त्या पांढऱ्यासाठी, ते मला ठरवता येईना.

“अहो,” ती म्हणाली, “त्या पिवळीला तुम्ही एकदा तरी असं म्हणाला असतात, तर?”

“तिला नजर लागली असती.”

“आणि याला?”

मी पाणी प्यालो.

मार्च आला. मी अहवाल घेतला आणि कौतुकाच्या रकान्यात मोठ्या अक्षरात लिहिलं. रकाना पुरला नाही, तर मागच्या बाजूवर लिहिलं. कागदावरून लागलेली नजर सगळ्यात जहरी, असा माझा हिशेब होता. शेवटी सही केली आणि स्वतः नेऊन दिला. तांबोळी मॅडमनी तो उभ्यानं वाचला, आणि शेजारच्या टेबलालाही वाचायला दिला.

महिन्याभरात हुकूम आला. ‘गृहप्रमुखाचा उत्कृष्ट अहवाल लक्षात घेता आलू पोस्तो यांस सदर घरी कायम करण्यात येत आहे. त्यांची यापुढे बदली होणार नाही व त्यांना विनंतीही करता येणार नाही. पिवळी भाजी यांनाही बांकुडा येथे कायम करण्यात येत आहे.’

मी तो हुकूम घेऊन ओट्यावर बसलो. खंडू येऊन शेजारी बसला. त्याचा दमआलू गेल्याच आठवड्यात गेला होता आणि आसामचं मोहरीच्या तेलात कुस्करलेलं भरीत आलं होतं. त्यानं तंबाखूची पुडी माझ्यापुढं धरली. त्याच्याकडून एवढं पुष्कळ झालं.

दुपारी मी पोस्टकार्ड घेतलं आणि महतोला पत्र लिहिलं. हिंदी वाचता येतं पण लिहिता येत नाही, मराठीतच लिहिलं, वाचील कुणाकडून तरी. ‘भाजी तुमच्याकडे कायम झाली. कुरमुऱ्यांचं तुमचं तुम्ही बघा. पण तुम्ही लोक तिचं तोंडावर फार कौतुक करता. तुमच्या आईंना सांगा, दोनदा मागून घ्या पण बोलू नका. दर शनिवारी मीठ-मोहरी तिच्यावरून उतरवून चुलीत टाकत जा. तिला सवय आहे. एक्केचाळीस वर्षं मी जपली आहे.’ जागा उरली होती. तिथं ‘कढीपत्ता शेवटी नको, तेलातच’ असं लिहिलं.

पत्र टाकून आलो तर खंडू आमच्या चुलीपाशी उभा. हौसानं त्याला वाटीत पोस्तो दिला होता. त्यानं एक घास घेतला, डोळे मोठे केले आणि तोंड उघडलं, “वा रे वा, मुक्ताजी...”

मी त्याच्या हातातली वाटी काढून घेतली.

“अरे, खातोय की मी!”

“घरी जा. तुझं भरीत वाट बघत असंल.”

खंडू पुटपुटत गेला. मी पाटावर बसलो. हौसानं ताट वाढलं आणि पळी हातात धरून उभी राहिली. मी पहिला घास घेतला. मग दुसरा घेतला. ताटातला निम्मा संपला तरी माझ्या तोंडून शब्द निघेना. खसखस त्या दिवशी तिनं फारच बारीक वाटली होती.

“कसा झालाय?” तिनं विचारलं.

मी दाराकडं पाहिलं. खंडू गेला होता. खिडकी उघडी होती, ती हात लांबवून लावून घेतली.

“मीठ कमी आहे,” मी म्हणालो.

हौसा माझ्याकडं बघत राहिली. मग ती चुलीपाशी गेली, कढईतला सगळ्यात खालचा खरपूस थर खरवडला आणि माझ्या ताटात आणून घातला. मीठ तिनं घातलं नाही.