साडेपाच फुटांची सायकल

ग्रंथपालांनी आयुष्यात एकच थाप मारली होती, पण ती अठरा वर्षं टिकवली होती. लग्न जमवताना त्यांनी आपली उंची साडेपाच फूट सांगितली. खरी सव्वापाच. (तीही सकाळी, नुकतंच उठल्यावर.) बायको मात्र खरोखरच साडेपाच फुटांची निघाली. तेव्हापासून "आपण अगदी सारखे आहोत, अंबाड्यामुळे तू उंच दिसतेस," असं ते तिला सांगत आले आणि ती मान डोलावत आली.

मग त्यांना सायकलीचं वेड लागलं. साधीसुधी नव्हे, हातानं घडवलेली, घडी करून टेबलाखाली सरकवता येणारी, वर बॅटरीवर पळणारी. फोटो बघून बघून त्यांची झोप उडाली. शेवटी बायकोला घेऊन ते कारागिराच्या शेडमध्ये पोचले.

कारागिरानं गळ्यातली टेप काढली. "बूट काढा आणि भिंतीला टेकून उभे राहा."

"माप कशाला?"

"सायकल माणसाच्या मापानं बनते, साहेब. सांधे एकदा जोडले की कमी-जास्त होत नाही."

बायको शेजारीच उभी. आणि बुटांत तर उंची वाढवायला तीन-तीन सोल घातलेले!

"लिहा हो, साडेपाच फूट!"

"अहो, मोजून तरी घ्या," बायको म्हणाली.

"पाठ आहे मला!"

महिन्याभरानं सायकल आली. रविवारी सकाळी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवरून ग्रंथपाल तिच्यावर चढले आणि त्यांनी बटण दाबलं. सायकल निघाली. पाय पेडलपर्यंत पोचेनात, जमीन तर त्याहून खाली! बटण सोडलं की सायकल थांबणार आणि थांबली की आपण पडणार, हे त्यांना पहिल्याच वळणावर कळलं. म्हणून ते इमारतीला फेऱ्या मारत राहिले.

"उतरा की आता!" पाचव्या फेरीला शेजारी ओरडले.

"मजा येतेय!"

"अहो, चहा निवतोय!" नवव्या फेरीला बायको.

"तूच पी!"

चौदाव्या फेरीला बॅटरी संपली. ग्रंथपाल सायकलीसकट शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरींत शिरले. चादरीतूनच ते गरजले, "माप चुकवलंय त्यानं! आत्ता फोन करून चांगला झापतो!"

"त्या बिचाऱ्याला काही बोलू नका," बायको चादर सोडवत हळूच म्हणाली. "अठरा वर्षं तुमची प्रत्येक पँट खालून तीन इंच कोण दुमडतंय?"

ग्रंथपालांना पुन्हा चादरीत जावंसं वाटलं. "मग कधी बोलली का नाहीस?"

"तुम्हाला केवढा आनंद होता त्या साडेपाच फुटांचा!"

एवढं बोलून तिनं बॅटरी चार्जिंगला लावली. संध्याकाळी ती सायकलीवर बसली आणि जणू तिच्याच मापाची असावी तशी सुरेख फेरी मारून आली. आता ती रोज त्याच सायकलीनं कामाला जाते आणि वाटेत ग्रंथपालांना ग्रंथालयापाशी सोडते.

त्यासाठी मागं सीट बसवून घ्यावी लागली. पाय ठेवायच्या दांड्या नेमक्या कुठं हव्यात म्हणून कारागिरानं या वेळी त्यांना बूट काढून भिंतीला उभं केलं.

"पाच फूट दोन," त्यानं मोठ्यानं वाचलं.

"अहो, असं काय करता!" ग्रंथपाल कळवळले. "सकाळी मोजायचं असतं!"